खपली

आमच्या साहेबांनी प्लँटवर पाऊल ठेवलं त्या दिवशी पहिलं काय केलं असेल, तर गेटवर उभ्या असलेल्या ट्रॉलीतनं उसाच्या पाचटाचं एक पान ओढलं, मोडलं आणि तोंडात घातलं. चांगलं चावून चावून चघळलं. डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले, मग बाजूला थुंकले आणि ट्रॉलीवाल्याला म्हणाले, "जमीन नदीकाठची?"

तो बिचारा गडबडला. "व्हय साहेब, सीनाकाठची हाय. पर म्हशीला तरी ठिवा की थोडं! समदं तुमीच खाताव व्हय?"

गेटवरची सगळी माणसं फिदीफिदी हसली. मी लॅबच्या दारात उभी होते, मीही हसले, आणि मनात म्हटलं, अगंबाई, हे कुठलं ध्यान आलं आता आमच्या गळ्यात!

आमचा प्लँट मोहोळच्या पुढं, हायवेपासून आत. शेतात जे उरतं ते जाळून वीज करायची, हा आमचा उद्योग. पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या, सोयाबीनचं भुस्कट, जे येईल ते भट्टीत जातं. त्यावर बॉयलरमध्ये वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. मी तिथं केमिस्ट. आलेलं जळण आणि बॉयलरचं पाणी तपासायचं माझं काम. रोज कंपनीच्या बसनं सोलापुरातनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. साहेब बॉयलरचे मुख्य म्हणून आले. आयुष्य सगळं विदर्भात कोळशाच्या प्लँटवर काढलेलं, तिथनं निवृत्त होऊन आमच्याकडं. कोळशाच्या माणसाला हे पालापाचोळा जाळणं म्हणजे पोरखेळ वाटतो. यांना नाही वाटला. यांना त्याची धास्तीच बसली.

"अहो केमिस्ट," ते मला म्हणाले (सगळ्यांना त्यांच्या कामाच्या नावानंच हाक मारायचे. अहो फायरमन, अहो पंप, अहो क्रेन. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही देव जाणे), "अहो केमिस्ट, झाड जमिनीतनं मीठ खातं. आपण झाड जाळतो. मग ते मीठ कुठं जातं?"

"राखेत," मी म्हटलं. कॉलेजात शिकलेलं.

"थोडं राखेत. बाकीचं वाफ होऊन उडतं आणि वर जाऊन नळ्यांवर बसतं. आणि तिथं बसून लोखंड खातं. वरनं काही दिसत नाही. वर राखेचं पांघरूण, आणि आत खाणं चालू. कळतं कधी? नळी फुटली की."

हे सांगताना त्यांचा आवाज असा खाली यायचा, की घरातल्या कुणाच्या दुखण्याबद्दल सांगताहेत असं वाटावं. मला तेव्हा हसू यायचं. आता नाही येत.

आता त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर किती सांगू! जेवण अळणी. भाजीत मीठ नाही, भातात नाही, ताकात नाही. डॉक्टरनं सांगितलंय म्हणून, असं ते म्हणायचे. फायरमन लोक म्हणायचे, बॉयलरला मीठ सोसत नाही म्हणून साहेबांनीही सोडलंय. एकदा माझ्या सासूबाईंनी केलेली शेंगाचटणी मी कडक भाकरीबरोबर पुढं केली. अहो, सोलापुरात राहून शेंगाचटणीला नाही म्हणणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. त्यांनी वास घेतला, "छान असणार," म्हणाले आणि डबी झाकण लावून माझ्याकडं परत सरकवली. वर झाकण नीट बसलंय का, ते दाबून बघितलं. मग पुन्हा दाबून बघितलं.

हे पुन्हा बघणं म्हणजे त्यांचा श्वास होता. कुलूप लावलं की ओढून बघायचे, चार पावलं जायचे, परत येऊन ओढायचे. व्हॉल्व्ह बंद केला का, म्हणून विचारायचे. केला म्हटलं की, "बघितलात?" बघितला म्हटलं की, "परत बघितलात?" आणि खिशात कायम एक पांढरं फडकं. टेबल, चष्मा, फोन, स्टीलचा पेला, जे हाताशी येईल ते पुसत बसायचे. त्यांच्या टेबलावर जिथं हात पोचत होता तेवढ्या जागेचा सनमायका पुसून पुसून पांढरा पडला होता. मी एकदा बोलले, "साहेब, आता लाकूड लागेल हो!" त्यांना काही ते लागलं नाही. बोलणं लागणाऱ्यातला माणूसच नव्हता, असं मला वाटायचं.

चुकीचं वाटायचं.

प्लँटच्या मागं कॉलनी म्हणून पाच-सहा खोल्या बांधल्या होत्या. ज्यांना बायकापोरं होती त्यांनी सोलापुरात नाहीतर मोहोळात घरं केली. त्या अख्ख्या ओळीत साहेब एकटे. संध्याकाळी आमची बस सुटायच्या वेळेला ते गेटवर येऊन उभे राहायचे, सगळे चढले का बघायचे. "पंप बसला? क्रेन बसली? केमिस्ट, खिडकीतनं हात आत घ्या." मग बस निघाली की तिथंच उभे. आम्ही वळणावर पोचेस्तोवर उभे. पहिले काही दिवस मी मागं वळून बघायची, मग सोडून दिलं. बघवत नसे हो. मागं चिमणीचा धूर, उडणारी राख आणि मध्ये हा एकटा माणूस फडक्यानं हात पुसत उभा. आणि माझ्या घरी मात्र गेल्या गेल्या सासूबाई, दीर, जाऊ, पोरं, शेजारच्या कारखान्यातला यंत्रमागांचा खडखडाट आणि सगळ्यांचं एकदम तेलुगूत ओरडणं. कधी कधी वाटायचं, ह्यातलं थोडं उचलून तिकडं नेऊन द्यावं.

त्यांना एक मुलगी होती. पुण्यात, एकटीच राहायची, नोकरी करायची. साहेबांना जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे या मुलीकडं जाऊन राहायचं. तिनं "या" म्हणायचा अवकाश होता. ती म्हणत नव्हती.

रविवारी मला ड्यूटी असली की त्यांचा फोन ऐकायला मिळायचा. लॅबच्या बाहेर लिंबाखाली रेंज चांगली येते, तिथं उभं राहून ते बोलायचे. बोलायचे म्हणजे काय, तपासणी करायचे. "गॅस बंद करतेस ना? रेग्युलेटरवरनं? दाराला आतनं कडी? ती वरची? गाडीवर हेल्मेट? ऑफिसातनं निघालीस की मेसेज का नाही केलास?" तिकडनं फोन बंद व्हायचा. ते थोडा वेळ फोन कानालाच धरून ठेवायचे. पुढं पुढं ती फोन उचलेनाशी झाली. हे मोठा मेसेज लिहायचे, आणि उत्तराला तिच्याकडनं नुसता एक अंगठा यायचा.

एकदा तो फोन घेऊन माझ्याकडं आले. "अहो केमिस्ट, हा अंगठा म्हणजे काय हो? राग असतो का?"

"नाही हो साहेब. बरं, ठीक आहे, असा अर्थ."

"ठीक आहे," ते म्हणाले. "म्हणजे ठीक आहे ती." आणि फोनची काच पुसली.

त्याच दुपारी त्यांनी मला घरचं सांगितलं. स्वतःहून. मुलगी दहावीत असताना बायको गेली. "आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, आता बघणारा एकच आहे, तर दुप्पट बघायला पाहिजे." म्हणून त्यांनी दुप्पट बघितलं. दप्तर बघितलं, वह्या बघितल्या, मैत्रिणींच्या आयांना फोन केले, क्लासबाहेर स्कूटर लावून उभे राहिले. रात्री ती नीट झोपली का म्हणून दार उघडून बघितलं, आणि परत बघितलं. नोकरी लागल्यावर ती पुण्याला जाताना म्हणाली, "बाबा, तुम्ही जवळ असलात की मला माझ्याच घरात चोरासारखं वाटतं."

"चोरासारखं," ते म्हणाले. "मी तर तिला जपत होतो."

मी चहा सांगितला.

आमच्याकडं भीमण्णा म्हणून फायरमन आहे, मैंदर्गीचा. कानडी मुलखातला, अंगानं आडवा आणि मनानं भाबडा. तो दर अमावस्येला बॉयलरची दृष्ट काढायचा. मूठभर मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घ्यायच्या, बॉयलरवरनं ओवाळायच्या आणि भट्टीत टाकायच्या. त्याची आई घरी चुलीत टाकते, हा भट्टीत टाकायचा, इतकाच फरक. प्लँट सुरू झाल्यापासनं हे चालू होतं, कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. साहेबांनी ते पहिल्यांदा बघितलं आणि अहो, जिन्यावरनं असे धावत आले की मला वाटलं आग लागली.

"मीठ? माझ्या भट्टीत मीठ?"

"दृष्ट हाय साहेब," भीमण्णा मूठ मागं लपवत म्हणाला. "लई जणांचं डोळं हाय आपल्या बॉयलरवर."

"अहो फायरमन, आपण इथं एकेक पान चाखून मीठ बाहेर काढतोय आणि तुम्ही मुठीनं घालताय!"

मी मध्ये पडले. म्हटलं, साहेब, रोज गाड्याच्या गाड्या जळण जातं, त्यात ही मूठ म्हणजे दर्यात खसखस. पण ऐकतील तर शपथ. शेवटी तोड निघाली. ओवाळायचं, पण भट्टीत टाकायचं नाही, कुंपणाबाहेर नेऊन पुरायचं. भीमण्णा तयार झाला. आणि मग साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, "खोल पुरलंत का, ते मी येऊन बघतो." दर अमावस्येला अंधार पडायच्या आत भीमण्णा पुढं, साहेब मागं, असे दोघं कुंपणाबाहेर जायचे. त्या दोघांना तसं जाताना बघून अख्खा प्लँट हसायचा. मला वाटतं, साहेबांना सोबतीनं कुठं जायला मिळायचं ते तेवढंच.

आता त्या ब्लोअरचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

भट्टीच्या वर, सगळ्यात तापलेल्या जागी, वाफेच्या नळ्यांची वेटोळी टांगलेली असतात. त्यांच्यावर राख बसते. ती उडवायला बाजूनं एक लांब दांडा आत सरकतो आणि वाफेचा फवारा मारतो. त्याला आमच्यात ब्लोअर मारणं म्हणतात. साहेब यायच्या आधी पाळीत एकदा मारायचे. साहेबांनी आल्या आल्या ते वाढवलं. मग आणखी वाढवलं. "जेवल्यावर खरकटं ताट तसंच ठेवता का?" असं विचारायचे. राख बसली की मीठ बसलं, मीठ बसलं की नळी गेली. तेव्हा बसूच द्यायचं नाही, सारखं झटकत राहायचं. हिशेब सरळ होता. मला पटला होता, मालकांना पटला होता. पुण्याहून एक जाणकार आले होते, तेही मान हलवून गेले. एकटा भीमण्णा कुरकुरायचा, "सुम्ने ऱ्हाऊ द्या की साहेब, जरा गप बसू द्या त्याला." पण त्याला ब्लोअर मारायचा कंटाळा होता, दुसरं काही नाही. हे तो स्वतःही कबूल करतो.

दोन सीझन नीट गेले. साहेब खूश होते. म्हणजे त्यांच्या मानानं. एकदा म्हणाले, "हा सीझन नीट पार पडला की मुलीला सांगणार आहे, बघ, काळजी घेतली की काय होतं ते." तिला बॉयलरचं काय पडलं असणार! पण त्यांच्या डोक्यात ते दोन्ही एकाच कप्प्यात होतं.

उन्हं तापायला लागली होती, डबे उघडायची वेळ झाली होती. कानाशी एसटीचं टायर फुटावं तसा आवाज झाला, आणि पाठोपाठ वाफेचा असा फुत्कार की कुणाचं कुणाला ऐकू येईना. बॉयलर पांढऱ्या वाफेत दिसेनासा झाला. नळी फुटली होती. सगळे बाहेर पळालो. साहेब मात्र उलटे आत गेले. बॉयलर बंद करून बाहेर आले तेव्हा तोंड पांढरंफटक पडलं होतं, आणि हाका मारत होते. "फायरमन? पंप? क्रेन?" एकेक जण ओ देत होता. "केमिस्ट?" मी म्हटलं, "आहे साहेब." मग ते मटकन खाली बसले. कुणाला काही लागलं नव्हतं, देवाची कृपा.

भट्टी गार व्हायला काही दिवस गेले. आत बघायला जाताना ते म्हणाले, "केमिस्ट, तुम्हीही चला, राखेचे नमुने घ्यायचेत." भीमण्णाचा चेहरा पडला. बाईमाणूस कधी भट्टीत उतरलं नव्हतं आमच्याकडं. "फायरमन, ती बाईमाणूस नाही, केमिस्ट आहे," साहेब म्हणाले. हे कौतुक होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

आत काळोख. हातात दिवे घेऊन शिडीनं वर चढलो. नळ्यांची रांग लागली. कोपऱ्यात, जिथं ब्लोअरचा फवारा पोचत नव्हता, तिथल्या नळ्यांवर राखेचा जाड थर होता, वर पिवळट, मध्ये गुलाबीसर. साहेब आधी तिकडंच गेले. त्यांना वाटलं, खाल्लेलं असणार ते इथंच. छिन्नीनं थर फोडला. खाली लोखंडावर काळी, घट्ट, गुळगुळीत पापडी होती. तीही खरवडली. नळीची जाडी मोजायचं यंत्र लावलं. थोडी झिजली होती, पण नळी शाबूत. दुसरी बघितली. तीही शाबूत.

मग ते मधल्या नळ्यांकडं आले. फुटलेली नळी त्यातलीच. तिथं राख नव्हती. काहीच नव्हतं. दिव्यात नळ्या चकचकीत दिसत होत्या, घासलेल्या भांड्यागत. ब्लोअर मारायचे त्या बाजूनं त्या चपट्या झाल्या होत्या. यंत्र लावलं तर कागदासारख्या पातळ.

साहेबांनी एका चकचकीत नळीवर बोट ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं. मी म्हटलं, "साहेब?" त्यांनी खिशातलं फडकं काढलं, हातात धरलं, आणि पुन्हा खिशात घातलं.

बाहेर येऊन एका पालथ्या बादलीवर बसले. मग म्हणाले, "केमिस्ट, खरचटलं की खपली धरते ना? लोखंडही धरतं. तापलं की आपली एक पापडी धरतं, ती त्याला राखते. मिठाला आत शिरायला वेळ लागतो मग. मी ती धरूच दिली नाही. धरली की काढली, धरली की काढली. प्रत्येक वेळी मिठाला ताजं मांस दिलं."

"अहो, पण मीठ तर पाचटातलंच ना?" मी म्हटलं.

"मीठ पाचटातलं. फाडलं मी."

दुसऱ्या दिवशी मालक आले. आमचे मालक वाईट माणूस नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ द्या साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका. खाऱ्या पाचटानं खाल्लं असं लिहा, आम्ही सीनाकाठच्या ट्रॉल्या बंद करतो. नळ्या बदलू, पुढच्या सीझनला तुम्ही हाईतच की."

राहायला जागा होती, काम होतं, मान होता. हो म्हटलं असतं तर कुणी विचारायला आलं नसतं. साहेब म्हणाले, "ट्रॉल्या बंद करू नका. ब्लोअर पाळीत एकदा करा. आणि माझ्या जागी दुसरा माणूस बघा. मी हात लावल्याशिवाय राहू शकत नाही, हे मला आता कळलंय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी साहेबांकडं. ते उठून लिंबाखाली गेले, आणि आमच्यादेखत मुलीला फोन लावला. तिनं उचलला कसा काय कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "मी येऊ का? काही विचारणार नाही." फोन कानाला तसाच. मग खाली घेतला आणि माझ्याकडं आले.

"'या' म्हणाली. 'या'च्या पुढं काही म्हणाली नाही. बरं असतं का हो ते?"

"लई बरं असतं साहेब," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. नळी फुटून का होईना, मिळालं.

मोहोळच्या स्टँडवर भीमण्णा आणि मी सोडायला गेलो. एक बॅग, एक पिशवी. भीमण्णानं नारळ दिला, पाया पडला. गाडी लागली. साहेब चढले, खिडकीशी बसले, आमच्याकडं बघून काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यावरनं मला कळलं की माणूस मनापासनं बदलायला निघालाय. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. मूर्ख मी.

दिवाळी झाली, सीझन सुरू झाला, आणि एक दिवस अनोळखी नंबरवरनं फोन आला. "तुम्ही केमिस्ट ना? बाबांच्या फोनमध्ये तुमचा नंबर तेवढ्याच नावानं आहे. मी त्यांची मुलगी."

मी घाईनं विचारलं, "साहेब बरे आहेत ना गं?"

"बरे आहेत. म्हणजे..." ती थांबली. "काही बोलतच नाहीत हो. आधी जीव खायचे माझा. आता मी कधीही येऊ दे, कुठं होतीस म्हणून विचारत नाहीत. परवा मला ताप होता. ते खोलीच्या दाराशी आले, उभे राहिले, बघितलं आणि परत गेले. कपाळाला हातसुद्धा लावला नाही. उठून बघते तर उशाशी पाण्याचा तांब्या, माझा डोळा लागल्यावर ठेवलेला. दिवसभर बाल्कनीत बसतात. एका घरात आम्ही दोघं, आणि घरात कुणी नसल्यासारखं वाटतं." मग म्हणाली, "माझ्यावर रागावलेत का हो? मी तसं बोलले होते ना एकदा..."

"नाही गं बाई, रागावलेले नाहीत," मी म्हटलं. आता हिला त्या नळ्यांचं काय आणि कुठनं सांगू? "तू थांब. मी बोलते त्यांच्याशी."

तिचा फोन ठेवल्या ठेवल्या साहेबांना लावला. लगेच उचलला. नमस्कार-चमत्कार काही नाही, मी सरळ सुरू केलं. "साहेब, पोरीला ताप होता म्हणे."

"होता. उतरला."

"मग कपाळाला हात लावायचा की नाही?"

"खपली धरत होती, केमिस्ट," ते हळूच म्हणाले. "हात लावला असता तर निघाली असती."

मला असा राग आला, असा राग आला! "अहो साहेब, ती पोरगी आहे! नळी नव्हे! बापानं विचारायचं नाही तर कुणी विचारायचं तिला?" लॅबच्या दारात उभा असलेला भीमण्णा दचकला, इतक्या मोठ्यानं मी ओरडले.

मला वाटलं, आता फोन ठेवणार. पण ते म्हणाले, "किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"दिवसातनं किती वेळा विचारलं तर चालतं? पूर्वीचं चुकलं, ते कळलं. आताचं पण चुकतंय, ते तुमच्या ओरडण्यावरनं कळलं. मधलं मला काढता येत नाही. तुमचं घर भरलेलं आहे. तुम्हाला ठाऊक असेल."

आमच्या घरात कोण मोजतंय? सासूबाई मला जेवलीस का म्हणून येता-जाता विचारतात, मी येता-जाता खेकसते, आणि एखाद्या दिवशी विचारलं नाही की मीच जाऊन विचारते, काय झालंय म्हणून. याचा आकडा कुठनं काढायचा? पण ते वाट बघत होते. मी म्हटलं, "एकदा. ती संध्याकाळी घरात आली की. जेवणार ना, एवढंच विचारा. एकदाच."

"एकदा. आली की. जेवणार ना," ते शब्द शब्द सुटा करत म्हणाले. कुणी औषधाची वेळ समजून घ्यावी तसं. मला वाटलं, झालं, सुटलं एकदाचं.

"आणि केमिस्ट," ते म्हणाले, "ती हो म्हणाली, की मग पुढं काय बोलायचं असतं?"